बेचिराख गांव आणि परतीची वाट

‘बेचिराख’ हा शब्द मराठींत आगीशीं इतका जडून गेला आहे कीं, त्याच्या पोटांत ‘राख’ आहे असेंच ऐकणारास वाटतें. वस्तुतः राखेशीं या शब्दाचा जन्मतः कांहीं संबंध नाहीं. मूळ फारसी शब्द ‘बे-चिराग’, म्हणजे ज्यांत दिवा नाहीं असें. जुन्या जमाबंदीच्या कागदांत, ज्या गांवीं वस्ती उरली नाहीं, सांजवेळीं जेथें एकाहि घरांत वात पेटत नाहीं, त्या गांवाच्या नांवापुढें हा शेरा मांडीत. पुढें लोकांच्या तोंडीं ‘चिराग’चें ‘चिराख’ झालें आणि जळालेल्या घरांची राख डोळ्यांपुढें असल्यामुळें अर्थहि तिकडे झुकला. हा फरक केवळ व्युत्पत्तीचा नाहीं. गांव जळणें ही एक गोष्ट आणि गांवांतला दिवा कायमचा मालवणें ही दुसरी. जळालेलें घर पावसाळ्यापूर्वीं पुन्हां शाकारतां येतें. परंतु गेलेलीं माणसें परतलीं नाहींत, तर चांगल्या उभ्या भिंतींचें गांवहि बेचिराग होतें. दोनशें वर्षांपूर्वींच्या वऱ्हाडानें या दोन्ही गोष्टी पाहिल्या. आगीपुढून घर सोडणें, परक्या ठिकाणीं दिवस काढणें आणि परतीच्या वाटेकडे डोळे लावून बसणें, हा त्या काळच्या सामान्य रयतेचा इतिहास लढायांच्या इतिहासाहून कमी सांगितला जातो.

वऱ्हाडची रचना ध्यानांत घेतल्यावांचून तो नीट उमगत नाहीं. उत्तरेस गाविलगडच्या डोंगरांची रांग व तिच्या कुशींतला मेळघाट. दक्षिणेस अजिंठ्याचा डोंगर. आणि मध्यें पूर्णेच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीचा पट्टा, ज्याला पाईनघाट म्हणत. अकोला, अकोट, बाळापूर हीं गांवें या पट्ट्यांतलीं. मुलूख सुपीक, परंतु सपाट आणि उघडा. अठराव्या शतकांत येथें निजाम व नागपूरकर भोंसले या दोघांचा अंमल एकाच वेळीं चाले. त्याला ‘दोअमल’ म्हणत. वसुलाला दोन धनी येत. रक्षणाच्या वेळीं त्यांतला एक तरी धांवून येईल अशी खात्री नसे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं अकोला जिल्ह्यांतील अडगांव येथें भोंसल्यांचा पराभव झाला, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, आणि दोनच दिवसांनीं झालेल्या देवगांवच्या तहानें वर्धा नदीच्या पश्चिमेकडील बहुतेक मुलूख निजामाकडे गेला. त्याच सुमारास दुष्काळानेंहि लोकांना गांठलें. लढाई संपली, परंतु निरनिराळ्या फौजांतून सुटलेले शिपाई पोटाला महाग झाले, आणि त्यांतले कित्येक लुटीच्या धंद्यांत शिरले.

या धंद्यांत सर्वांत नांवाजलेले ते पेंढारी. त्यांचे तळ नर्मदेच्या खोऱ्यांत असत. चितू, करीमखान, वासिल महंमद हे त्यांचे गाजलेले म्होरके. पावसाळाभर टोळ्या स्वस्थ राहत. दसरा उलटून नद्यांना उतार पडला कीं त्या दक्षिणेकडे निघत. तंबू नाहींत, बुणगे नाहींत, तोफा नाहींत. त्यामुळें दिवसाला ४०-५० मैलांची मजल त्यांना सहज पडे. सातपुडा उतरतांच पहिला भरलेला मुलूख लागे तो वऱ्हाडचा. १७९० सालीं गाजीखान नांवाच्या पेंढाऱ्याचा अकोल्याजवळ भोंसल्यांच्या फौजेनें पराभव केला. तथापि अशी गांठ क्वचितच पडे. फौज येईपर्यंत टोळी पसार झालेली असे. पुरलेला पैसा दाखवावा म्हणून घोड्याच्या तोबऱ्यांत गरम राख भरून तो माणसाच्या तोंडाला बांधीत, आणि जें नेतां येत नसे तें पेटवून देत.

त्या ऋतूंत आग लावण्यास फारसा खटाटोप लागत नसे. ज्वारी निघालेली असे, कडब्याच्या गंज्या घरांना लागूनच रचलेल्या असत. गरिबांच्या घरांचे कूड पऱ्हाटीचे आणि छपरें गवताचीं. एका गंजीला लागलेली आग वाऱ्याबरोबर, डोंगरांतल्या वणव्यासारखी, गांवभर फिरे. पाटलाचें धाब्याचें घर कदाचित् तगे. गवताचें घर बघतां बघतां नाहींसें होई. म्हणून घोडीं वेशीशीं येण्याची वाट पाहण्यांत अर्थ नसे. शेजारच्या शिवाराकडून धूर दिसला कीं निघावें, हाच शहाणपणा ठरे.

निघून जावयाचें कोठें? या प्रश्नाचें उत्तर वऱ्हाडांतील शेंकडों खेड्यांत अजूनहि उभें आहे, तें म्हणजे गढी. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, कोपऱ्यांवर बुरूज, आंत जावयास एक दरवाजा, आणि जेथें सोय असेल तेथें आंतच विहीर. हल्लीं अशा अनेक गढ्या ढासळून त्यांचे नुसते ढिगारे झाले आहेत. परंतु एके काळीं बायकापोरें, म्हातारीं माणसें आणि जनावरें यांचा तोच आसरा होता. धान्याची सोय निराळी. जमिनींत खणलेल्या पेवांत ज्वारी भरून तोंड मातीनें बुजवीत. वर आग फिरली तरी पेवांतला दाणा वांचे, आणि परत आल्यावर पेरणीपर्यंतचा आधार होई. जेथें गढी नव्हती तेथील लोक नाल्यांच्या घळींत किंवा डोंगराच्या रानांत शिरत. अमरावतीसारख्या व्यापारी पेठेला गढी पुरण्यासारखी नव्हती. म्हणून १८०७ सालीं निजामाच्या सरकारनें शहराभोंवतीं दगडी परकोट बांधावयास आरंभ केला. सव्वादोन मैल घेराच्या त्या तटाला पांच दरवाजे व चार खिडक्या होत्या. आज अमरावतीकर अंबा दरवाजा, नागपुरी दरवाजा हीं नांवें पत्ता सांगण्यापुरतीं घेतात. तीं नांवें मुळांत भयांतून जन्मलीं आहेत.

हें भय अवास्तव नव्हतें. मार्च १८१६ मध्यें पेंढाऱ्यांची एक टोळी कृष्णेपलीकडे मद्रास इलाख्यांतील गुंटूर प्रांतांत उतरली. मागाहून झालेल्या सरकारी चौकशींत असें निघालें कीं, अवघ्या साडेअकरा दिवसांत ३३९ गांवें लुटलीं गेलीं, १८२ माणसें ठार झालीं, ५०५ जबर जखमी झालीं आणि ३६०३ जणांचा नाना प्रकारें छळ झाला. कंपनी सरकारच्या मुलखांत ही मोजदाद झाली म्हणून हे आंकडे राहिले. वऱ्हाडच्या वांट्याला हा प्रसंग एका वर्षाचा नव्हता, दर हिंवाळ्याचा होता.

गढींत काढलेले दिवस मोजके असत. परंतु ज्यांच्या गांवाला गढी नव्हती, किंवा जें गांव लागोपाठ जळालें, तेथील माणसें दूर जात, आणि त्यांच्या दिवसांचीं वर्षें होत. नातलगांच्या गांवीं कोणी वाटेकरी, कोणी सालदार म्हणून राही. अशा स्थितींत मूळ गांवाशीं असलेला धागा कशानें टिकला? तो टिकला वतनानें. पाटील परागंदा झाला तरी त्याची पाटीलकी परागंदा होत नसे. शीव कोठून कोठें जाते, कोणाच्या शेताचा बांध कोणत्या निंबापाशीं वळतो, ही ओळख महार राखी, आणि तंट्याच्या वेळीं त्याचा शब्द प्रमाण धरीत. गांव कागदावर बेचिराग झालें तरी माणसांच्या आठवणींत त्याचा नकाशा शाबूत राही.

सातपुड्याच्या पलीकडे, माळव्यांत, या परतीची आंकडेवार नोंद झाली. १८१७ सालीं लॉर्ड हेस्टिंग्जनें लाखाहून अधिक फौज उभी करून पेंढाऱ्यांना चहूंकडून कोंडलें. फेब्रुवारी १८१८ मध्यें करीमखान शरण आला. १८१९ सालीं चितू असीरगडाजवळच्या रानांत वाघाच्या तोंडीं पडला. त्यानंतर माळव्याचा कारभार सर जॉन माल्कम याच्याकडे होता. त्यानें १८२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत होळकरांच्या मुलखाचा हिशेब दिला आहे. एकूण गांवें ३७०१. त्यांपैकीं वस्तीचीं अवघीं २०३८ आणि बेचिराग १६६३. शांतता होतांच १८१८ मध्यें २६९, १८१९ मध्यें ३४३ आणि १८२० मध्यें ५०८ गांवें पुन्हां वसलीं. म्हणजे तीन वर्षांत ११२० गांवांत दिवा लागला व ५४३ गांवें तशींच राहिलीं. परत येणाऱ्या मंडळींचें माल्कमनें केलेलें वर्णन तर मोठें हृद्य आहे. जे गांव सोडून गेले होते ते पुष्कळ ठिकाणीं वारलेले. त्यांचे नातू-पणतू परतत होते. परत येणाऱ्या घोळक्याच्या अग्रभागीं पाटीलकीचा वारस असलेलें तान्हें मूल कडेवर घेऊन लोक चालत. गांवीं पोंचतांच प्रत्येकानें आपली पडकी भिंत आणि आपलें शेत ओळखून ताब्यांत घेतलें. आपसांत तंटा नाहीं, सरकारशीं वाद नाहीं. थोड्याच दिवसांत गांव जणूं कधीं मोडलेंच नव्हतें असें चालूं लागलें.

हें चित्र खरें असलें तरी त्यांत सर्व माणसें येत नाहींत. ज्याच्या पाठीशीं वतन किंवा मिरास होती त्याला परतण्याचा हक्क होता. जो उपरी कूळ म्हणून राहत होता, ज्याची झोंपडी परक्याच्या जागेवर होती, त्याला ओळखून दाखविण्यास भिंतहि नव्हती. आगीनें दोघांचींहि घरें सारखींच जाळलीं. परतीच्या वाटेवर मात्र दोघे सारखे राहिले नाहींत.

वऱ्हाडांत पेंढारी गेल्यावरहि दिवे लवकर लागले नाहींत, आणि त्याचें कारण आग नव्हतें. ओसाड गांव वसवावयाचें तर सरकारनें कौल द्यावा, पहिल्या वर्षीं सारा अगदीं हलका ठेवून तो वर्षागणिक थोडथोडा वाढवावा, ज्याला इस्तावा म्हणत, आणि बीबैलांसाठीं तगाई द्यावी, अशी मराठी अमलांतील जुनी रीत होती. परंतु हैदराबादच्या राजा चंदुलालाच्या कारभारांत वसूल इजाऱ्यानें दिला जाऊं लागला. इजारदाराची मुदत तोकडी आणि घाई मोठी. परतलेल्या कुळानें जमीन साफ केली कीं सारा चढे. अशा ठिकाणीं परतण्यापेक्षां परक्या गांवीं राहणें पुष्कळांनीं पत्करलें. १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं गेलें. १८६१ च्या सुमारास शेतांची मोजणी सुरू होऊन प्रत्येक शेताला नंबर व कब्जेदाराचें नांव मिळालें. १८६७ पर्यंत रेल्वे नागपुरास पोंचली आणि कापसाला भाव आला. त्याच सालच्या शिरगणतींत वऱ्हाडची वस्ती सुमारें २२ लाख भरली. तरीहि कित्येक गांवें परतलींच नाहींत. महसुली दप्तरांत त्यांच्या नांवापुढें ‘रिठी’ किंवा ‘उजाड’ हा शब्द आजहि आढळतो. शेजारच्या गांवचे लोक तेथील जमीन वाहतात.

आतां पेंढारी नाहींत; परंतु आगीपुढून गांव रिकामें करण्याचा प्रसंग जगांतून गेलेला नाहीं. मे १८१६ नव्हे, मे २०१६ मध्यें कॅनडांतील फोर्ट मॅकमरे हें शहर रानवणव्यानें घेरलें, तेव्हां सुमारें ८८,००० लोकांना घरें सोडावीं लागलीं. सुमारें २४०० इमारती जळाल्या. जूनच्या आरंभापासून, एकेका भागाची तपासणी करून, लोकांना क्रमाक्रमानें परत येऊं देण्यांत आलें. आणि खुद्द वऱ्हाडांत, वाघांच्या रक्षणासाठीं मेळघाटांतलीं कोरकूंचीं कांहीं गांवें या शतकांत अकोल्याच्या मैदानांत आणून वसविलीं आहेत. नव्या जागीं सोयी अपुऱ्या पडल्याची तक्रार करीत त्यांतले कित्येक लोक जानेवारी २०१९ मध्यें मूळ जागेकडे परत गेले, तेव्हां त्यांचा वन व पोलीस खात्यांच्या लोकांशीं संघर्ष होऊन दोन्ही बाजूंचीं माणसें जखमी झालीं. प्रसंग अगदीं निराळे. परंतु प्रश्न जुनाच आहे, आणि होळकरांच्या मुलखांतील त्या ११२० गांवांनीं त्याचें उत्तर देऊन ठेवलें आहे. माणसाला धोक्यांतून बाहेर काढणें हें अर्धें काम होय. त्याची जागा कोणती, त्याचा हक्क कोणता, आणि पहिलें पीक हातीं येईपर्यंत त्यानें खावें काय, हें ठरविणें हें उरलेलें अर्धें. तें झालें तर राखेंतूनहि गांव उठतें. तें न झालें, तर घरें शाबूत असूनहि दप्तरांत त्या गांवापुढें जुना शेरा चढतो.