घोंगडीचं सूत कुणी कातलं?

रत्नागिरी जिल्ह्यात मेंढी बारमाही टिकत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस, चार महिने पायाखाली चिखल, हवेत कायमची ओल. मेंढीची खुरं कुजतात आणि अंगावरची लोकर वाळायचं नाव घेत नाही. आपल्याकडे धनगरवाडे आहेत, पण ते गवळी धनगरांचे. सह्याद्रीच्या उतारांवर ते गाई-म्हशी पाळतात. दख्खनी मेंढीचा मुलूख घाटापलीकडचा, कमी पावसाचा, खुरट्या गवताचा.

तरीही आजोबा-पणजोबांच्या काळातली भातलावणी आठवून बघा, किंवा घरातल्या कुणाला तरी विचारा. चिखलात वाकलेल्या माणसांच्या पाठीवर दोनपैकी एक गोष्ट असायची: बांबू आणि पानांचं इरलं, नाहीतर काळ्या घोंगडीची खोळ. म्हणजे ज्या मुलखात मेंढी नव्हती, तो मुलूख मेंढीची लोकर पांघरून भात लावत होता.

ही घोंगडी घाटावरून यायची. आंबा घाट, कुंभार्ली घाट अशा वाटांनी बैलांच्या पाठीवरून मीठ, सुकी मासळी, नारळ, सुपारी वर जायची आणि धान्य, गूळ, कापड, घोंगड्या खाली यायच्या. लोकर ही पावसासाठी अजब वस्तू आहे. स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा पाणी ती वाफेच्या रूपात आत घेते, तरी हाताला ओली लागत नाही. मुसळधार पावसात घोंगडी शेवटी भिजतेच, जड होते, पण अंगाची ऊब धरून ठेवते. त्यानंतर ती वाळायला मात्र दिवसच्या दिवस लागतात. रखडलेल्या कामाला मराठीत ‘भिजत घोंगडं’ म्हणतात, ते कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

घोंगडीचा इतिहास वाचायला घेतला की मेंढपाळ भेटतो, विणकर भेटतो, बिरोबा आणि खंडोबा भेटतात, बाजार आणि जत्रा भेटतात. त्यात एक माणूस सारखा गळतो: सूत कातणारं. ते काम काय असतं हे कळावं म्हणून मी लोकर कातायला शिकायचं ठरवलं. कोल्हापूरजवळच्या एका गावात सत्तरी ओलांडलेल्या एका आजींकडे चार दिवस बसले आणि दोन किलो काळी लोकर घेऊन आंबा घाट उतरून रत्नागिरीला परत आले.

ओढायचं नाही, सोडायचं

दख्खनी मेंढीची लोकर मऊ नसते. स्वेटरच्या लोकरीची सवय असलेल्या हाताला ती केसासारखी लागते. काळी, करडी, मध्येच तांबूस. वर्षातून दोनदा कातरतात. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ. ते सगळ्यांत मऊ, म्हणून त्याची घोंगडी महाग. एका मेंढीपासून वर्षाला अर्धा-पाऊण किलो लोकर मिळते. ऑस्ट्रेलियातली मेरिनो मेंढी चार-पाच किलो देते, तीही तलम.

कातायच्या आधी लोकरीतला काटाकुटा वेचायचा, ती धुवायची, वाळवायची, मग पिंजायची. पिंजताना गुंते सुटतात, तंतू मोकळे होतात आणि हातात ढगासारखा हलका पुंजका येतो. मग टकळी. टकळी म्हणजे एक काडी आणि तिच्या टोकाजवळ वजनाची चकती, बस. काडीला धाग्याचं टोक बांधायचं, काडी बोटांनी गरकन फिरवून सोडायची आणि ती फिरत असताना पुंजक्यातून थोडे थोडे तंतू सुटू द्यायचे. फिरणाऱ्या टकळीचा पीळ वर चढतो आणि तंतूंना एकमेकांत आवळतो. लोकरीच्या तंतूवर डोळ्यांना न दिसणारे बारीक खवले असतात. पीळ बसला की ते एकमेकांना धरून ठेवतात.

वाचायला सोपं आहे. हाताला मात्र एकाच वेळी तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात: टकळी किती फिरते आहे, पीळ कुठवर चढला आहे आणि तंतू किती सुटताहेत. पीळ कमी पडला की धागा मध्येच विरघळल्यासारखा सुटतो आणि टकळी जमिनीवर आपटते. पीळ जास्त झाला की धागा स्वतःभोवती वेटोळी घालतो. आजी माझ्या हातांकडे बघून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायच्या, “वढू नगंस गं. येतंय तेवढंच येऊ दे.”

आपल्याकडे सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. सुंभ म्हणजे नारळाच्या काथ्याची दोरी, अस्सल किनारपट्टीची वस्तू. कोकणाला पीळ घालायची कला नवी नाही. काथ्याचे सुंभ इथे घरोघर वळले जात. नायलॉन येण्याआधी मच्छीमारांची जाळीही तागाच्या हाताने वळलेल्या सुताची असत. मेंढी नव्हती, एवढंच.

जात नसलेलं काम

चार दिवस आजींकडे बसल्यावर एक साधी गोष्ट लक्षात आली. कापडाच्या प्रत्येक टप्प्याला मराठी समाजाने एक नाव दिलं आहे. पिंजतो तो पिंजारी. विणतात ते साळी, कोष्टी. लोकरीचं विणकाम करणारे सणगर. धनगरांमधले विणकर ते खुटेकर, कारण मागाला खुंटे लागतात. रंगवतो तो रंगारी, शिवतो तो शिंपी, धुतो तो परीट. यातली बरीच नावं आज आडनावं म्हणून आपल्या कॉन्टॅक्ट लिस्टमध्येही सापडतील.

कातणारीला असं नाव नाही. कातणं हा कुणा एका जातीचा धंदा नव्हता. मेंढरांमागे चालणारा माणूस टकळी फिरवायचा, पण बहुतेक सूत घरात, चरख्यावर, बायकांच्या हातून व्हायचं. स्वयंपाक, पाणी, पोरं, जनावरं सांभाळून उरलेल्या वेळात. जे काम उरलेल्या वेळात होतं त्याला धंदा म्हणत नाहीत, आणि ज्याला धंदा म्हणत नाहीत त्याची नोंद होत नाही. आजी म्हणाल्या, “आमच्यात कातायला कोन शिकवत न्हाई. बघून बघून येतंय.”

इंग्रजांकडे कातणारीसाठी ‘स्पिन्स्टर’ असा शब्द होता. पुढे तो लग्न न झालेल्या बाईला चिकटला आणि मूळचं काम त्यातून पुसलं गेलं. मराठीत कातकामाच्या खुणा अशाच दुसऱ्या अर्थाने उरल्या आहेत. दोघांचं सूत जुळतं. कुणी सुतावरून स्वर्ग गाठतं. सतत बोलणाऱ्याच्या तोंडाची टकळी चालू असते. तासन्‌तास घरघरणारं ते काम भाषेत शिल्लक राहिलं ते बडबडीला नाव ठेवण्यापुरतं.

आता थोडं गणित. माझ्या हातून निघालेल्या जाड सुताचं वजन केलं, तर १० ग्रॅममध्ये सुमारे १५ मीटर धागा बसतो. घोंगडीचं वजन दोन किलोच्या आसपास धरलं, तर तिला ३,००० मीटर सूत लागेल. म्हणजे तीन-चार मेंढ्यांची वर्षभराची लोकर. हात बसल्यावर माझा वेग तासाला २० मीटर झाला. त्या वेगाने एका घोंगडीला १५० तास. रोज दोन तास बसलं तर ७५ दिवस. मृगाला सुरुवात केली तर गणपती जवळ येतील तेव्हा नुसतं सूत तयार, आणि घोंगडी अंगावर येईल ती पाऊस संपल्यावर. चरख्यावर कातणारा सरावलेला हात यापेक्षा कितीतरी वेगवान असतो हे खरं. तरी विणकराचं काम त्यापुढे थोडक्यात आटपतं. उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ लावून ते ताठ केले, माग लावला, की काही दिवसांत घोंगडी उतरते. एका मागाला सूत पुरवायला अनेक हात लागतात.

गिरणीचं सूत

ही ओढाताण जगभर होती. इंग्लंडमध्ये १७३३ साली जॉन केने फिरता धोटा काढला आणि विणकर एकदम वेगाने विणू लागले. सूत कमी पडायला लागलं. १७६४ च्या सुमारास जेम्स हारग्रीव्ह्जने एकाच चाकावर अनेक चात्या फिरवणारी ‘स्पिनिंग जेनी’ तयार केली. पाठोपाठ पाण्यावर आणि मग वाफेवर चालणारी कताईची यंत्रं आली. कारखान्यांच्या त्या युगाच्या सुरुवातीला सूत कमी पडण्याची अडचण होती.

ते युग रत्नागिरीच्या उंबऱ्यावर आलं ते मुंबईमार्गे. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. पुढच्या शंभर वर्षांत गिरणगाव उभं राहिलं आणि तिथे सर्वांत जास्त माणसं पुरवणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरी आघाडीवर राहिला. सिंधुदुर्ग तेव्हा याच जिल्ह्यात होता. आपल्या गावांतली माणसं बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरली आणि हजारो फिरत्या चात्यांसमोर उभी राहिली. यंत्र कातत होतं, पण तुटलेला धागा जोडायला माणसाचंच बोट लागायचं. रत्नागिरीच्या कितीतरी घरांतल्या माणसाने आयुष्यभर तेच केलं: तुटलेलं सूत जोडलं. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला आणि बहुतेकांचा तो धागा कायमचा तुटला.

याच जिल्ह्यात मार्च १९२७ मध्ये गांधीजी खादीचा प्रचार करत आले होते. ते रत्नागिरीत हातसुताबद्दल बोलत होते, तेव्हा रत्नागिरीचे कर्ते पुरुष मुंबईत गिरणीचं सूत काढत होते. गांधीजींच्या चरख्याबद्दल आपण शाळेत स्वावलंबन, स्वदेशी असे धडे वाचतो. त्यातली एक गोष्ट मला टकळी हातात घेतल्यावर महत्त्वाची वाटू लागली. १९३५ साली अखिल भारतीय चरखा संघाने कातणाऱ्यांची मजुरी वाढवायचं धोरण घेतलं. खादी महाग होईल, खपणार नाही, अशी धास्ती तेव्हा होती. गांधीजींचा आग्रह असा की कातणारीला पोटापुरती मजुरी मिळत नसेल, तर त्या खादीला अर्थ नाही. जिच्या कामाची कुठेच नोंद नव्हती, तिच्या तासाला निदान किंमत लावायचा तो प्रयत्न होता.

तो प्रामुख्याने कापसासाठी होता. जाड्याभरड्या काळ्या लोकरीच्या मागे एवढा मोठा कैवारी कधी उभा राहिला नाही.

एका मीटरची किंमत

आज भात लावताना पाठीवर प्लॅस्टिक असतं. घरात पानिपतच्या गिरण्यांतली, जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासून केलेली स्वस्त ब्लँकेटं किंवा पॉलिस्टरची रजई असते. घोंगडीचं गिऱ्हाईक आटलं तसा दख्खनी लोकरीचा भाव पडला. बऱ्याच ठिकाणी मेंढी कातरायची मजुरीही लोकरीतून सुटत नाही, आणि कातरलेली लोकर रानात टाकून दिली जाते. मेंढपाळाने त्याच्या बाजूने हिशेब केला आहे. मटणाला भाव आहे, म्हणून सांगली जिल्ह्यातल्या जत भागातली माडग्याळ मेंढी अनेक कळपांत शिरली: उंच, वजनदार आणि अंगावर लोकर जवळपास नसलेली. त्याला दोष देता येत नाही.

पण दुसऱ्या टोकाला मोबाइलवर हातकताईच्या घोंगडीची जाहिरात दिसते आणि खाली हमखास कुणीतरी लिहितं, “घोंगडीला एवढे पैसे?” समजा, ती तीन हजारांना आहे. माझ्या हिशेबाने तिच्यात तीन हजार मीटर सूत आहे. म्हणजे मीटरला एक रुपया. माझ्या वेगाने तासाला वीस रुपये. माझ्या चौपट वेगाने कातणाऱ्या बाईला तासाला ऐंशी; पण त्याच रुपयात मेंढपाळ, पिंजारी, विणकर, खळ, वाहतूक आणि दुकानदार सगळे बसायचे आहेत. तिच्या वाट्याला किती पैसे उरतात, ते तुम्हीच काढा.

आजींच्या घरात सूत कातणाऱ्या त्या शेवटच्या आहेत. सुनेला शेतमजुरीला गेल्यावर यापेक्षा जास्त पैसे मिळतात, आणि नात कोल्हापूरला कॉलेजात जाते. तिने परत चरख्यावर बसावं असं म्हणायचा मला अधिकार नाही. आजींनाही तसं वाटत नाही. त्यांना एवढंच वाटतं की घोंगडी विकत घेणाऱ्याने ती हातात धरून एकदा उजेडात बघावी. यंत्राचा धागा सगळीकडे सारखा असतो. हाताच्या धाग्यात दर दोन-चार विती सोडून एक जाड ठिकाण येतं. “तितं मी उठल्याली असते,” त्या म्हणाल्या, “चुलीकडं बघाया.”

माझ्याकडची दोन किलो लोकर अजून अर्धीही संपलेली नाही. रत्नागिरीच्या हवेत तिला कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घालून डब्यात ठेवली आहे. जेवढं सूत झालं, त्यात जाड ठिकाणं भरपूर आहेत.