दिनविशेष : १६ मे – वसईची शरणागती

१७३९ साली आजच्या दिवशी वसईच्या पोर्तुगीजांनी मराठा सेनानी चिमाजीआप्पांपुढे शरणागती पत्करली. किल्ल्यातल्या चर्चांचे अवशेष पाहून तो विध्वंस मराठ्यांच्याच माथी मारला जातो, पण पुरावा तसे सांगत नाही. शरणागतीच्या अटींनुसार पोर्तुगीजांना आठवड्याभरात चीजवस्तूंसह निघून जाण्याची मुभा होती. किल्ल्यातलेच सेंट जोसेफ कथीड्रल पाहा: ते १६०१ मध्ये वाढवल्याचे तिथला शिलालेख सांगतो. त्याचा उंच मनोरा अजून उभाच आहे. मग मराठ्यांनी चर्चच्या घंटा नेल्या, त्याचे काय? नेल्या खऱ्या, आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली घंटा त्यांपैकीच मानली जाते; पण ती विजेत्यांची लूट होती, इमारत पाडणे नव्हे. वस्ती उठल्यावर देखभाल थांबली. लाकडी छपरांना खाऱ्या वाऱ्यात आणि कोकणच्या पावसात कोसळायला तोफा लागत नाहीत.