वनस्पतिज अर्कांची विषालुता-चाचणी

औषधी वनस्पतींचे अर्क सेवनास कितपत निर्धोक आहेत, हे प्रयोगशाळेतील प्राण्यांवर पडताळण्याची पद्धती (पहा : विषविज्ञान). निम्म्या प्राण्यांस मारक ठरणारी मात्रा हे परिमाण ट्रेव्हन यांनी 1927 मध्ये मांडले. आता अल्प प्राण्यांत भागणाऱ्या टप्प्याटप्प्याच्या पद्धती रूढ असून, एका टप्प्यास तीन उंदीर घेऊन, किलोग्रॅम वजनामागे सामान्यतः 2,000 मिलिग्रॅमपर्यंत मात्रा पोटात देऊन, चौदा दिवस निरीक्षण करतात. पुढे 28 वा 90 दिवस नित्य मात्रा देऊन रक्त, यकृत व वृक्क तपासतात. अर्क पाण्यात काढला की मद्यार्कात, यावर निष्कर्ष पालटत असल्याने त्याची नोंद अत्यावश्यक होय.

मलकापूरच्या (ता. शाहूवाडी, जि. कोल्हापूर) पश्चिमेस पसरलेल्या सह्याद्रीत आढळणाऱ्या नरक्या (पहा) या वृक्षातील कॅम्प्टोथेसिन, जे वॉल व नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी 1966 मध्ये एका चिनी वृक्षातून प्रथम वेगळे केले, ते कर्करोगपेशींप्रमाणेच अस्थिमज्जेसही घातक असल्याने, वनस्पतिज म्हणून निरुपद्रवी हा समज किती भ्रामक आहे ते दिसते. बिब्बा, बचनाग, काजरा ही द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील विषारी द्रव्यांच्या परिशिष्टात आहेत. प्राण्यांवरील प्रयोगांस 1960 च्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्याखालील समितीची मंजुरी लागते (पहा : प्राणिप्रयोग).