धोरण : एका अश्वगतीची कथा

शासकीय सेवेत असताना ‘धोरण’ हा शब्द आम्ही किती सभांतून ऐकला आणि उच्चारला, याची गणती नाही. हा शब्द मूळचा कचेरीतला नसून वाहनांच्या आणि घोड्यांच्या दुनियेतला आहे, हे मात्र निवृत्तीनंतर कोश चाळताना ध्यानी आले.

अमरकोशाने घोड्याच्या पाच गती सांगितल्या आहेत : आस्कंदित, धौरितक, रेचित, वल्गित आणि प्लुत. त्यांना मिळून ‘धारा’ असे नाव आहे. त्यांपैकी धौरितक म्हणजे आपली दुडकी चाल. त्याच कोशात ‘धोरण’ हा शब्द वाहनाच्या अर्थाने येतो. इतर संस्कृत कोश तो घोड्याच्या दुडक्या चालीसाठीही देतात. मूळ धातू ‘धोर्’. धातुपाठात त्याचा अर्थ ‘गतिचातुर्य’ असा आहे.

हे चातुर्य कोणते? दुडक्या चालीत पुढचा एक पाय आणि त्याच्या विरुद्ध बाजूचा मागचा पाय एकदम उचलला जातो. ही चाल रेंगाळत नाही आणि उधळतही नाही. लांबचा पल्ला गाठण्यास तीच सोयीची. घोड्याची नेमस्त चाल हळूहळू माणसाच्या बोलण्याचा रोख झाली, पुढे वागण्याची दूरदृष्टी झाली आणि अखेर राज्यकारभाराची दिशा झाली, असे आम्हांस वाटते. ‘धोरणी माणूस’ म्हणताना आपण नकळत त्या चालीचेच कौतुक करतो.

पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांतील वाचकांस याचा पडताळा शिगम्यात घेता येईल. पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेले. सत्तरीत राण्यांची बंडे गाजली. घोडदळाचे दिवस सरले, तरी त्या शौर्याची आठवण घोडेमोडणीने जपली. कमरेला लाकडी घोडा, एका हाती लगाम, दुसऱ्या हाती नागवी तलवार आणि साथीला ढोल-ताशे. या घोड्याला पाय नसतात. चाल असते ती नाचणाऱ्या माणसाची. ताल बिघडला की घोडाही बिघडतो.

आमच्या घरांतील नातवंडे आज ‘पॉलिसी’ म्हणतात. त्यांना रागे भरण्यात अर्थ नाही. मात्र शिगम्यात त्यांना घोडेमोडणी दाखवताना हा शब्दही सांगावा. शब्दाचे मूळ कळले, की तो सहसा विसरला जात नाही.