फाइल अपलोड, पार्श्वभूमीतील
वेबपान न बदलता, वापरणाऱ्याचे काम चालू असतानाच फाइल सर्व्हरवर पोहोचवण्याची पद्धत. नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्यांचा तिच्याशी संबंध महाडीबीटीवर शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचे, जातीचे दाखले चढवताना किंवा नीटचा अर्ज भरताना येतो. कधी महा ई-सेवा केंद्रातला संगणक, कधी स्वतःचा मोबाइल, म्हणजे ब्राउझरही निरनिराळे.

इंटरनेट एक्सप्लोरर ९ पर्यंत लपवलेल्या आयफ्रेमचा, म्हणजे पानातल्या पानाचा, आडमार्ग घ्यावा लागे. १० व्या आवृत्तीत (२०१२) पान न बदलता फाइल पाठवू देणारा फॉर्मडेटा आला. ब्राउझरमधून सर्व्हरला विनंती पाठवण्याच्या दोन पद्धतींपैकी एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट किती टक्के फाइल गेली हे सांगते, फेच सांगत नाही. टॅब बंद झाल्यावरही काम चालू ठेवणारे बॅकग्राउंड फेच क्रोममध्ये आहे. फायरफॉक्स व सफारीत नाही. त्यामुळे केवळ त्यावर विसंबता येत नाही.

खात्रीचा मार्ग तुकड्यांचा. फाइल ब्राउझरमध्येच कापून एकेक तुकडा पाठवतात, सर्व्हर प्रत्येकाची पोच देतो. रेंज गेली तर परत जोडल्यावर ब्राउझर आधी ‘कुठवर पोहोचले?’ असे विचारतो आणि तिथून पुढे पाठवतो. शेवटची पोच येण्याआधीच ‘अपलोड यशस्वी’ दाखवणे हा मुदतीच्या दिवशी अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्यावर अन्याय आहे. पोच वाटेत हरवल्यास तोच तुकडा पुन्हा येतो; तो दोनदा जोडला जाऊ नये म्हणून प्रत्येकाला क्रमांक देतात.