बाजरीचा ‘गोसावी’: एकाच आईची लेकरं

आपल्या पिपरी मेघेच्या आसपास कापूस, तूर, सोयाबीन. बाजरीचा पट्टा तिकडे नाशिक, नगर, बीड, धुळ्याकडे. तरी आज गोष्ट बाजरीची, कारण बियाण्याचं पाकीट आपणही विकतच आणतो.

साल 1965. लुधियानाहून पहिली संकरित बाजरी आली, एच.बी.-1. तिची आई अमेरिकेतली, टिफ्ट 23ए. उत्पादन जोरदार! मग एच.बी.-2, 3, 4... सगळ्यांची आई तीच.

इथेच घात झाला. गोसावी, म्हणजेच केवडा रोगाला ही आई बळी पडायची. पानं पिवळी पडतात, खालून पांढरी बुरशी दिसते आणि कणसात दाण्यांऐवजी हिरव्या पानांचा झुपका येतो, गोसाव्याच्या जटांसारखा. 1970-71 मध्ये देशात सुमारे 80 लाख टन बाजरी झाली होती. पुढच्याच वर्षी ती 53 लाख टनांच्या आसपास आली. गोसावी हे त्यामागचं मोठं कारण होतं. गावरान बाजरीत सगळी ताटं सारखी नसतात, म्हणून रोग आला तरी काही वाचतात. इथे सगळी सारखीच होती.

यातून धडा घेतला गेला. वेगवेगळ्या आया वापरून रोगाला दाद न देणारे वाण आले. पेरणीआधी बियाण्याला मेटॅलॅक्झिल चोळणं, रोगट झाडं उपटून जाळणं, पिकाची फेरपालट करणं सुरू झालं. कारण या रोगाचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतात.

आता घरी विचारा: आपल्या शेतात यंदा किती वाण आहेत? एकच असेल, तर का?