परक्याच्या कानी

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग सरकारी नकाशावर रेखलेले नसले, तरी तेथील माणसाच्या बोलण्यात ते पिढ्यान्‌पिढ्या पक्के आहेत: एक घाटाखालचा मुलूख, दुसरा घाटावरचा. पूर्णेच्या खोऱ्यातील खामगाव, शेगाव, मलकापूर ही सपाट काळ्या जमिनीची गावे घाटाखाली येतात; अजिंठ्याच्या डोंगररांगेची चढण संपली की लागणारे बुलढाणा, मेहकर आणि चिखली हे तालुके घाटावर. इंग्रजी अमलापासून तालुक्याचे ठाणे असलेल्या चिखलीची ओळख बाहेरच्या माणसाला होते ती रेणुकादेवीच्या देवळामुळे आणि सोयाबीन-कापसाच्या बाजारामुळे. या प्रदेशाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी जहागिऱ्या, तहनामे आणि दुष्काळ यांची नोंद केली. परंतु जीव नकोसा झालेला माणूस येथे आपले दुःख कोणाच्या कानी घालीत आला, या एका रिवाजाचा इतिहास मात्र कोणी सलगपणे लिहिला नाही. तो पाहू लागले की एक गोष्ट पुनःपुन्हा दृष्टीस पडते: हे दुःख शेजाऱ्यापाशी क्वचितच गेले, ते परक्यापाशी गेले.

याचे कारण गावाच्या रचनेतच आहे. कोणाच्या सातबाऱ्यावर किती बोजा चढला, कोणाच्या लेकीची सोयरीक मोडली, कोणत्या भावाने बांध कोरला, ही वार्ता तलाठ्याच्या दप्तरात उतरण्यापूर्वी पारावर पोहोचलेली असते. आणि जेथे सर्वांना सर्व ठाऊक असते, तेथे माणूस आपल्या मनातली शेवटची गोष्ट कोणालाच सांगू शकत नाही. भाऊबंदाला सांगावे तर ती उद्या वाटणीच्या भांडणात बाहेर येईल, सोयऱ्याला सांगावे तर अब्रू जाईल, आणि घरातल्या माणसाला सांगावे तर त्याच्याच डोक्यावर भार पडेल, असा तिहेरी पेच असल्यावर, ज्याला आपले नाव, गाव आणि देणे ठाऊक नाही असा माणूसच काय तो निर्भय श्रोता उरतो.

पूर्वी हा श्रोता तीर्थाच्या ठिकाणी भेटत असे. चिखलीपासून फार लांब नसलेल्या पिंपळगाव सराई या गावाजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तेथे जी यात्रा भरते, तिच्यात हिंदू-मुसलमान असा भेद राहत नाही, आणि येणाऱ्यांत मोठा भरणा असतो तो मनाने खचलेल्या, ‘बाहेरचे लागले’ म्हणून आणलेल्या, किंवा स्वतःच होऊन चालत आलेल्या माणसांचा. होळीच्या दिवशी नारळांची प्रचंड रास पेटविली जाते. मनुष्य आपल्यावरून उतरविलेला नारळ आणि अंगावरचे वस्त्र त्या ज्वाळेत टाकतो आणि पीडा जळाली असे मानून मागे फिरतो. पुढे पिंपळगावातून संदल निघतो आणि यात्रा पुरी होते. या विधीने रोग बरा होतो असे म्हणण्यास कोणताही आधार नाही. परंतु त्या माळावर पाल ठोकून राहिलेल्या कुटुंबांकडे जरा थांबून पाहिले, तर विधीखेरीज आणखी काही तेथे घडत असते हे ध्यानात येते: शेजारच्या पालातील, दुसऱ्या जिल्ह्यातील अनोळखी बाई चुलीवरचा चहा पुढे करीत ‘तुमचं काय?’ म्हणून विचारते आणि घरी वर्षभर न उच्चारलेले वाक्य तिच्यापाशी सहज उच्चारले जाते, कारण पाल उठले की ती पुन्हा भेटणार नसते.

या प्रथेची काळी बाजूही विसरता येत नाही. श्रद्धास्थानांच्या आश्रयाने मनोरुग्णांना साखळदंडांनी बांधून ठेवण्याचा प्रकार देशात अनेक ठिकाणी चाले. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे लागलेल्या आगीत साखळीने जखडलेले २८ रुग्ण मृत्युमुखी पडले, तेव्हा कोठे सरकारला जाग आली. दुसरीकडे, वैद्यकाचा जो राजमार्ग होता तो चिखलीकराच्या आवाक्यात नव्हता. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ पासूनचे. पण घाटावरच्या शेतकऱ्याला ते तीनशेहून अधिक किलोमीटर दूर, आणि त्याच्या मनात त्या रुग्णालयाची प्रतिमा औषधालयाची नसून कोठडीची होती.

कोठडीची भीती कायद्यानेही घातली होती. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ३०९ व्या कलमान्वये जीव देण्याचा प्रयत्न हा एक वर्षापर्यंत कैदेस पात्र असा गुन्हा ठरला; तेव्हा मरणाचा विचार सरकारी माणसासमोर उच्चारणे म्हणजे आपणच आपली फिर्याद नोंदविणे, अशी लोकांची समजूत झाली तर त्यात नवल ते कोणते? मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरविले, सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तसेच मत दिले, आणि १९९६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते मत फिरविले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, असा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरावे, त्याला शिक्षा करू नये आणि सरकारने त्याची काळजी वाहावी, असा दंडक घातला. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम त्या रूपात राहिले नाही. दीड शतकाहून अधिक काळ जे बोलणे लोकांना गुन्ह्याची कबुली वाटे, ते आता साहाय्याची मागणी ठरले.

दरम्यान वऱ्हाडच्या शेतीवर अरिष्ट कोसळले होते. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने केलेला जीवनाचा शेवट ही या दुर्दैवी मालिकेतील पहिली ठळक नोंद मानली जाते. त्यानंतर नापिकी, कापसाचा पडता भाव, कोरडवाहू जमीन, कर्ज, आजारपण आणि मनाचा कोंडमारा यांच्या गुंत्यातून हे लोण पसरत गेले. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली आणि त्या सहांत बुलढाणा होता. त्याआधीच राज्य सरकारने मृताच्या वारसांना एक लाख रुपये देण्याची तरतूद केली होती. पण त्यासाठी जमीन नावावर हवी, कर्ज बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे, वसुलीचा तगादा सिद्ध व्हायला हवा, पंचनामा हवा, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने प्रकरण ‘पात्र’ ठरवायला हवे. जिच्या नावावर जमीनच नाही अशी राबणारी स्त्री या हिशेबात बहुधा बसतच नसे. सरकारने कैफियत ऐकण्याची ही जी व्यवस्था उभी केली, तिची तपशीलवार प्रश्नावली माणूस गेल्यानंतर त्याच्या दारी येत असे. तो असताना त्याला विचारणारे कोणी नव्हते.

असा विचारणारा परका जाणूनबुजून निर्माण करता येतो, ही कल्पना पाश्चात्त्य जगात रूढ झाली ती लंडनमध्ये. चॅड वरा या धर्मोपदेशकाने २ नोव्हेंबर १९५३ पासून निराश माणसांसाठी चर्चमधील दूरध्वनी खुला केला. त्याची भेट मिळेपर्यंत ताटकळणाऱ्यांना चहा देण्यासाठी काही स्वयंसेवक बसत, आणि पुष्कळ माणसे त्यांच्याशीच बोलून, पाद्रीबाबांची भेट न घेता शांत मनाने परत जात, हे त्याच्या लक्षात आले. सैलानीच्या माळावरील त्या चहाशी याचे नाते ओळखण्यास विद्वत्ता लागत नाही. आपल्याकडे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये ‘आयकॉल’ ही सेवा सुरू केली. परंतु चिखलीसारख्या गावात दूरध्वनी ही वस्तूच मुळी दीर्घकाळ चारचौघांची होती. एस.टी.डी.चा पिवळा फलक, काचेची पेटी, तांबड्या आकड्यांचे धावते यंत्र, आणि बाहेर आपल्या घराण्याला तीन पिढ्या ओळखणारा दुकानदार! अशा पेटीत उभे राहून ‘मला जगावेसे वाटत नाही’ असे कोण बोलणार? एकांत आला तो मोबाइल खिशात आला तेव्हा.

तरीही वऱ्हाडातील अनुभव असा की केवळ यंत्राने काम भागत नाही. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत २०११ नंतर ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच, अल्प प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन लोकांना बोलते केले, आणि गरज पडेल तेथे त्यांना समुपदेशक व मनोविकारतज्ज्ञ यांच्यापर्यंत पोहोचविले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, आणि मरणाचे विचार मनात आल्याचे सांगणारे ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर उतरले. राज्य सरकारनेही २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला. त्यात १०४ क्रमांकाची दूरध्वनी सेवा होतीच; पण खरे काम आशाताईंकडे आले. हातात छापील कागद घेऊन ती ओसरीवर टेकते, बाळाच्या लसीची चौकशी करते, पाणी पिते, आणि मग हलकेच विचारते: झोप लागते का, जेवण जाते का, कशात मन रमते का, आणि शेवटी, जगणे नकोसे वाटते का. हे सरळ विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही भीती निराधार आहे; उलट, कोणीतरी विचारले याचाच माणसाला आधार होतो.

आणि आता परका समुद्रापलीकडून ऐकतो. जानेवारी २०२१ मध्ये धुळ्याच्या एका तरुणाने फेसबुकवर थेट चित्रण करीत आपला प्राण संकटात घातला, तेव्हा ते फेसबुकच्या आयर्लंडमधील कर्मचाऱ्यांनी पाहिले, मुंबईच्या सायबर पोलिसांना कळविले, मुंबईने धुळ्याला कळविले, आणि तासाभराच्या आत धुळ्याचे पोलीस त्याच्या घरी पोहोचले आणि तो वाचला. घरच्यांच्या आधी आयर्लंडला कळावे, यात आपल्या घरांविषयी जो अभिप्राय आहे तो कटू असला तरी खोटा नाही. तितकेच खरे हे की आयर्लंडच्या परक्याला त्याच्या दारावर थाप मारता आली नाही. ती मारली धुळ्याच्याच माणसाने. शिवाय पडद्यामागचा प्रत्येक परका हितचिंतक असतोच असे नाही. दुःखाला गोंजारून खोल नेणारेही तेथे भेटतात.

तेव्हा घाटावरच्या या जुन्या रिवाजाला हसण्याचे कारण नाही. माणूस परक्याकडे जातो तो मूर्खपणाने जात नाही. आपल्यांनी ऐकण्याची जागा बंद केलेली असते म्हणून जातो. परक्याचा कान हा उंबरठा आहे. त्यावरून त्याला आत, घरच्यांपर्यंत आणि औषधोपचारापर्यंत नेणारा हात गावातलाच असावा लागतो. ज्याच्या मनात असा विचार घोळत असेल, त्याने आज एका तरी माणसाला तो बोलून दाखवावा, मग तो माणूस ओळखीचा असो वा अनोळखी. आणि ज्याच्यापाशी तो बोलला जाईल, त्याने उपदेश न करता बसून ऐकावे आणि त्याला एकटे सोडू नये. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही सेवा सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. तो रात्रंदिवस चालतो, त्याला पैसे पडत नाहीत, आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो.